शेवटचे दोन डबे

“रज्जाक दिसते का व?” बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

केबिनच्या मागच्या खिडकीतून मी वाकून पाहिलं. दर्यापूर रोडवर पार जिनिंग फॅक्टरीपर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या. बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते आणि गाडीवान गाड्यांखालच्या सावलीत बिड्या ओढत बसले होते. रज्जाकची राजदूत मोटारसायकल कुठंच दिसत नव्हती.

“नाही दिसत, बाबा.”

“हे रीळ आता सात-आठ मिनिटं चालन. मंग काय दाखवाचं लोकायले? माहं तोंड?”

ही एकोणीसशे शहाऐंशीच्या डिसेंबरातली गोष्ट. अंजनगावच्या मीनाक्षी टॉकीजमध्ये माझे बाबा, वामनराव येऊल, ऑपरेटर होते. म्हणजे मशीन चालवणारे. शनिवार-रविवारी दुपारी बाराला आमच्याकडे इंग्रजी पिक्चर लागायचा आणि त्याची एकच प्रिंट दोन गावांत फिरायची. दर्यापूरला खेळ दहाला सुरू व्हायचा. तिकडे दाखवून झालेली सुरुवातीची रिळं एसटीनं यायची आणि शेवटचे दोन डबे रज्जाक राजदूतला बांधून आणायचा. पाच वर्षांत त्याचा उशीर कधी झाला नव्हता. इंटरव्हलच्या आत तो हजर असायचा, आणि चहा पिऊन वर बाबांशी गप्पा मारायलाही त्याला वेळ असायचा.

त्या पिक्चरांची इंग्रजी नावं आमच्याकडे कुणाच्या तोंडी बसत नसत. लोक आपापली नावं ठेवायचे. ‘मुंग्याइचा दवाखाना’, ‘आरशातली बाई’, ‘चंद्रावरची खाज’. चंद्रावरची खाज म्हणजे चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांच्या अंगाला लागलेला एक भयंकर रोग. त्यात रक्त म्हणून जे वापरलं होतं ते स्पष्ट दिसायचं की सरबत आहे, पण तरी अंगावर काटा यायचा. मी ते सगळे पिक्चर पाहिलेत. काही चार-चार वेळा. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, बी.एड. झाले होते आणि घरी बसून होते.

मी पिक्चर केबिनमधूनच पाहायची. मशीनशेजारी भिंतीत एक चौकोनी भोक होतं, त्याला डोळा लावून. पडद्यावरचं बोलणं मी बाबांना मराठीत सांगायची. बाबांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना जाणून घ्यायची मात्र फार हौस. “आता तो काय म्हणून राह्यला? मंग ही काय म्हणते?” असं चालू. बायकांसाठी खाली डावीकडे वेगळ्या खुर्च्या होत्या, तिथं मी बसत नसे.

मला कोड आहे. चौदाव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात ठिपका आला, मग डोळ्यांभोवती, मग हातांवर. चोविसाव्या वर्षी अर्धा चेहरा आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. कुणाला ते लागत नाही, दुखत नाही, खुपत नाही. पण सार्वजनिक नळावर माझ्या आधी जी बाई उभी असेल ती आपली घागर थोडी पुढं ओढून घ्यायची. मी पदर गालावरून दातात धरून चालायला शिकले होते. त्या जूनमध्ये एका शाळेत मुलाखतीला गेले होते. प्रश्न चांगले विचारले, उत्तरं चांगली गेली, आणि शेवटी अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमची काही चूक नाही. पण लहान लेकरं भितात हो.” घरी येऊन मी बाबांना सांगितलं की जागा आधीच भरली होती.

तर त्या दिवशी हॉल गच्च होता. रविवार, त्यातून बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं बाजार आटोपून पिशव्यांसकट आत बसली होती. पिक्चरला लोकांनी ‘गुणगुण्या’ नाव ठेवलं होतं. बर्फाळ मुलखातलं एक खाणीचं गाव. एका रात्री आकाशातून काहीतरी पडतं आणि बंद खाणीत जाऊन राहतं. ताडमाड उंच, मेणासारख्या कातडीचं, डोळे कुठं आहेत ते शेवटपर्यंत कळत नाही असं. ते गुणगुणतं. ते गुणगुणणं ज्याच्या कानावर पडतं त्याला जागच्या जागी झोप लागते. दोन माणसं अशी बर्फात झोपतात आणि गारठून मरतात. मग गाव खवळतं, आणि त्याला हुसकत हुसकत एका पिठाच्या गिरणीत कोंडतं.

तिथं ते रीळ संपलं. गिरणीच्या दाराला बाहेरून कडी, लोकांच्या हातात मशाली, आणि गावातली डॉक्टरीण बर्फातून धडपडत गिरणीकडे पळतेय. मशीन थांबलं. पडदा पांढरा झाला. बाबांनी मशीनचा दिवाही घालवला.

आधी नुसत्या शिट्ट्या झाल्या. मग खुर्च्या आपटायला लागल्या.

जिन्यावरून धापा टाकत शेटजी वर आले. चांडकशेठ म्हणजे टॉकीजचे मालक. वजनदार माणूस, रागावण्यापेक्षा घाबरायचेच जास्त. “वामनराव, कसं करता? मागच्या साली असंच झालं त अकोल्याकडं एका टॉकीजचा पडदा फाडला लोकायनं. पडदा फाटला त मी बुडालो समजा.”

“रज्जाक येते शेटजी. गाड्याइच्या रांगेत अडकला असन.”

“कधी येते? आज येते का उद्या?”

खालून कुणीतरी ओरडलं, “ओ शेटजी! पुढचा पिच्चर का घरी जाऊन सपनात पाहू काय?” आणि हॉल हसला. पण ते हसणं टिकणारं नव्हतं. एक खुर्ची मोडल्याचा आवाज आला.

बाबा माझ्याकडे पाहत होते. ते काय म्हणणार हे मला त्यांच्या आधी कळलं, आणि मी मान हलवली. नाही.

“शेटजी,” बाबा म्हणाले, “शशीनं काल पुरा पाह्यला हा पिच्चर. तिले इंग्रजी समजते. माइकवरून सांगू द्या तिले पुढचं. तंवर रज्जाक येईनच.”

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग लगेच भिंतीकडे. सगळे तसंच करत, त्यांचा दोष नाही. “सांगन का ती?”

“नाही,” मी म्हणाले. “बाबा, मला नका पाठवू.”

बाबा जवळ आले. त्यांच्या हातांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. हळू आवाजात, शेटजींना ऐकू जाणार नाही असं ते म्हणाले, “दोन वर्सं झाली, तू मले इथं सांगत राह्यते. माह्यासारखं नशीब त्याइचं नाही ना व.”

खाली आणखी एक खुर्ची मोडली.

“दिवे लावायचे नाहीत,” मी म्हणाले. “एकही नाही. माझं बोलणं संपेपर्यंत पूर्ण अंधार पाहिजे.”

“नाही लावत! सुखदेवले सांगतो,” म्हणत शेटजी खाली पळालेच. सुखदेव म्हणजे आमचा गेटकीपर.

मागच्या जिन्यानं मी पडद्यापाशी गेले. पडद्यापुढे सभेपुरता एक ओटा होता, लग्नाच्या हंगामात तिथं शेटजी जाहिराती वाचायचे. सुखदेवनं अंधारातच माइक हातात दिला. समोर काहीच दिसत नव्हतं. चारशे माणसांचा वास तेवढा येत होता, बिडीचा, भेळीच्या कांद्याचा, बाजारातून घेतलेल्या संत्र्यांचा.

“ऐका,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की मीच दचकले.

“कोण हाय बे?” “बाईमानूस हाय!” “ए, गप बसा ना!”

“रीळ यायला उशीर आहे. तोवर पुढचं मी सांगते. डॉक्टरीण पळतेय, तिथपर्यंत तुम्ही पाहिलं. तिच्या एका पायातला बूट बर्फात रुतून राहिला. तरी ती थांबली नाही.”

बूट पिक्चरमध्ये नव्हता. तो कुठून आला मला माहीत नाही. पण बूट म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतला एक आवाज म्हणाला, “अरे बाप्पा, पाय गारठन की तिचा,” आणि मला कळलं की ते ऐकताहेत.

मग मी सांगत गेले. मशालींच्या उजेडात लोकांचे चेहरे कसे दिसत होते ते सांगितलं. त्यांच्यात मेलेल्या दोघांपैकी एकाची बायको होती, तिच्या हातात रॉकेलचा डबा होता, ते सांगितलं. डॉक्टरीण मध्ये उभी राहते, आणि लोक तिला म्हणतात बाजूला हो. ती म्हणते, त्यानं कुणाला मारलं नाही, तुमची माणसं झोपली, त्यांना उचलून घरात न्यायला कुणी गेलं नाही म्हणून ती मेली. तुम्ही सगळे घाबरून दारं लावून बसला होता. हे वाक्य पिक्चरमध्ये होतं, पण फार मागे, दुसऱ्या कुणाच्या तोंडी. मी ते इथं आणून ठेवलं. हॉलमध्ये आता खोकलासुद्धा येत नव्हता.

खऱ्या पिक्चरचा शेवट मला चांगला ठाऊक होता. कालच पाहिला होता, तोही जेमतेम वीस माणसांबरोबर. लोक डॉक्टरणीला ओढून बाजूला करतात आणि गिरणी पेटवतात. गुणगुणणं आधी मोठं होतं, मग बारीक होतं, मग थांबतं. धूर. संपलं. मी तेच सांगायला ओट्यावर चढले होते.

“लोकांनी तिला धरलं,” मी म्हणाले. “दोघांनी हात धरले. तिनं एकाच्या हाताला चावा घेतला.” मागे कुणीतरी खूश होऊन टाळी वाजवली. “आणि ती सुटली. दारापाशी गेली. आतून गुणगुणण्याचा आवाज येत होता. तिला झोप यायला लागली. डोळे मिटत होते. कडी बर्फानं घट्ट झालेली. तिनं एक हात कडीवर ठेवला...”

आणि दिवे लागले.

एकदम सगळे. रज्जाक आला होता. घामानं निथळत, दोन डबे छातीशी धरून तो मागच्या दारातून “आलो! आलो!” करत आत घुसला होता, आणि सुखदेवनं सवयीनं बटण दाबलं होतं.

मी चारशे माणसांसमोर उभी होते. पदर केव्हाच खांद्यावर पडलेला, एका हातात माइक, दुसरा हात हवेत वर, नसलेल्या कडीवर. चारशे चेहरे माझ्याकडे पाहत होते. दहा वर्षांत इतक्या माणसांनी मिळून माझ्या चेहऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी हात खाली घेतला. पदर ओढून दातात धरला. जिना डावीकडे सहा पावलांवर होता. मी त्यातली दोन पावलं टाकली.

“अवं, थांबली काऊन?”

बायकांच्या खुर्च्यांतून आवाज आला. पंचफुला होती. बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकायची. टोपली मांडीवर घेऊन ती खुर्चीच्या अगदी कडेवर आली होती, आणि तिला माझा राग आला होता. खरोखर राग.

“कडी काढली का नाही तिनं? सांग ना पटकन!”

“रीळ आलं, रीळ आलं,” शेटजी ओरडत होते. “बसा सगळे, पाच मिन्टात पिच्चर चालू होते!”

“तुम्ही थांबा हो शेटजी!” पुढच्या रांगेतला माणूस उठून त्यांच्यावरच खेकसला. “आधी हिचं होऊ द्या.”

“होऊ द्या, होऊ द्या!” चारी बाजूंनी.

रज्जाक डबे घेऊन मधल्या वाटेत तसाच उभा होता. त्याला मागचं पुढचं काही माहीत नव्हतं. “काय झालं? कशाची कडी?” तो शेजारच्याला विचारत होता, आणि शेजारचा त्याला गप्प करत होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, पण माझ्या चेहऱ्याला त्यांना काही काम नव्हतं. त्यांना कडी हवी होती. मला सांगता येणार नाही ते पाहणं कसं होतं. एखाद्या लेकराच्या तोंडाशी घास नेऊन थांबवावा, तेव्हा ते पाहतं ना, तसं.

बोलायचं तर पदर दातातून सोडावा लागणार होता. मी सोडला.

“काढली,” मी म्हणाले.

हॉलनं श्वास सोडला.

“तिनं कडी काढली आणि दार उघडलं. ते बाहेर आलं. गिरणीतल्या पिठानं पांढरंफटक झालेलं. लोक मागे सरले. मशाली पडल्या बर्फात, चर्र करून विझल्या. ती नाही सरली. तिला फार झोप येत होती, पण ती उभी राहिली. ते वाकलं आणि तिच्याकडे पाहिलं. आणि त्यानं गुणगुणणं थांबवलं. पहिल्यांदाच. एवढी शांतता झाली की दूरवरचं कुत्रं ऐकू आलं. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की ते काही त्यांना मारायला गुणगुणत नव्हतं. ते एकटं होतं, आणि घाबरलं की गुणगुणायचं. आपण नाही का अंधारातून जाताना गाणं म्हणत.”

“खरं हाय,” पंचफुला म्हणाली.

“मग ते कुठं गेलं?” रज्जाकनं विचारलं. आता त्यालाही राहवेना.

“कुठंच नाही. ते त्याच खाणीत राहिलं. गावानं राहू दिलं. ज्याला झोप येत नाही तो म्हातारा माणूस, ज्याचं लेकरू दात येताना रडतं ती बाई, संध्याकाळी खाणीपाशी जाऊन बसतात. घरून गोधडी नेतात आणि बरोबर जागं राहणारं एक माणूस नेतात, कानात कापूस घालून. त्या गावात आता झोपेची गोळी कुणी घेत नाही. संपलं.”

टाळ्या पडल्या असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. काही लोकांनी वाजवल्या. बाकीचे एकमेकांत बोलायला लागले, कापूस कानात घातला तर ऐकू येत नाही का, यावर दोघांचा वादही झाला. मी जिन्यानं वर गेले. बाबा डबा उघडून रीळ चढवत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“काल मले दुसराच शेवट सांगितला होता तू,” ते म्हणाले.

“हो.”

“हं,” म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

आणि मग अर्थातच सगळ्यांनी खरा शेवट पाहिला. गिरणी पेटली. गुणगुणणं थांबलं. दिवे लागले, तर कुणी उठायला तयार नाही. मग जो गलका झाला तो आधीच्या गलक्यापेक्षा मोठा होता. शेटजींना लोकांनी दारात धरलं. “हे चुकीचं रीळ लावलं तुम्ही!” “बाईनं सांगितला तो शेवट कुठी हाय?” “दर्यापूरवाल्यायनं ठेवून घेतला असन, चांगला चांगला!” शेटजी हात जोडून सांगत होते की बाबांनो, पिच्चर एवढाच आहे, आणि कुणाला ते पटत नव्हतं. रज्जाक माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होता. मी केबिनच्या खिडकीत हसत उभी होते. पदर कुठं होता ते मला आठवत नाही.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा मुलाखती दिल्या. दोन ठिकाणी तेच उत्तर मिळालं. तिसऱ्या ठिकाणी मी म्हणाले, “साहेब, मला एक तास द्या, चौथीच्या वर्गावर. लेकरं भ्यायली तर मी स्वतःच जाईन.” त्यांनी दिला. लेकरं भ्यायली, पण मला नाही. मी त्यांना आरशातल्या बाईची गोष्ट सांगितली होती. एकतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. मराठी, इंग्रजी, आणि शनिवारी शेवटच्या तासाला जे काही परग्रहावरून येईल ते.

पण हे सगळं नंतरचं. गुणगुण्याच्या पुढच्या रविवारी नवा पिक्चर लागला होता. विहिरीतून हात बाहेर येतात, असला काहीतरी. मी बाबांना म्हणाले, “आज मी खाली बसते.”

“मंग मले कोण सांगन?”

“घरी गेल्यावर सांगते.”

बायकांच्या खुर्च्यांत मी उशिरा, अंधार झाल्यावर गेले. तेवढा धीर अजून नव्हता. मधल्या वाटेत कुठं जागा आहे ते चाचपडत उभी होते, तर खालून कुणीतरी साडी ओढली. “बस ना व, मांगच्याइले दिसत नाही.” मी बसले. शेजारी कोण आहे ते पाहिलं नाही, तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही. दोघी पडद्याकडे पाहत होतो.

पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. माणूस विहिरीवर येतो, वाकतो, जातो. पुन्हा येतो, वाकतो. संगीत बंद झालं. पाणी हललं. आणि पाण्यातून तो हात आला तेव्हा अख्खा हॉल किंचाळला. मी किंचाळले, आणि शेजारच्या बाईनं खुर्चीच्या दांडीवरचा माझा हात घट्ट पकडला. पूर्ण पंजा. तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. तिची बोटं कामानं खरबरीत होती आणि भीतीनं गार पडली होती. पडद्याच्या उजेडात माझा पांढरा हात तिच्या काळ्या हाताखाली मला स्पष्ट दिसत होता. तिलाही दिसत असणार.

“गेलं का ते?” डोळे गच्च मिटून ती विचारत होती. “मले सांगजो व, गेलं की.”

“अजून नाही,” मी म्हणाले.

ते केव्हाच गेलं होतं.